दिव्याला करंट कुठून घेतला, ते लिहून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात नुकतंच एका गृहस्थांचं पत्र वाचलं. नवी इलेक्ट्रिक गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार दिवस उभी राहिली की मुकी होते, रिमोटला जुमानत नाही, शोरूमवाले ‘गाडीत दोष नाही’ म्हणतात आणि अशी गाडी घेऊन पस्तावलो, असा त्यांचा सूर होता. त्यांचा मनस्ताप खरा आहे. पण त्याच पत्रात ओझरता उल्लेख होता की दसऱ्याला गाडी घरी आणताना पुढे उजळणारा लोगो आणि दारांखाली दिव्यांच्या पट्ट्या बसवून घेतल्या. मला वाटतं, त्यांच्या सगळ्या तक्रारीचं उत्तर त्या एका ओळीत आहे.

गाड्यांची वायरिंग करण्यात माझी उमर गेली. आधी नाशिकच्या द्वारका भागात ट्रकची कामं केली, नंतर अंबडला स्वतःचं दुकान टाकलं. हल्ली माझ्याकडे येणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचा रोग बाहेरून बसवलेल्या दिव्यांमधून आलेला असतो. लोगो लाइट, बॉनेटच्या कडेची पट्टी, मागच्या दोन दिव्यांना जोडणारी लाल पट्टी, आरशाखालून जमिनीवर चित्र पाडणारे दिवे, दाराच्या पायरीवरची उजळणारी पाटी. या वस्तू वाईट नाहीत. माणसाने हौसेने गाडी घेतली तर ती सजवावीशी वाटणारच, आणि त्यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो त्यांना करंट कुठून दिला याचा.

इलेक्ट्रिक गाडीत दोन बॅटऱ्या असतात, हे अजून पुष्कळ मालकांना कुणी सांगितलेलं नसतं. खाली जमिनीलगत मोठी बॅटरी, साधारण ३०० ते ४०० व्होल्टची, काही नव्या गाड्यांत ८०० च्या घरात. तिच्यावर गाडी पळते. आणि दुसरी आपली नेहमीची १२ व्होल्टची. दरवाज्यांची कुलपं, हेडलाइट, काचा, सगळे कंट्रोलर म्हणजे गाडीतले छोटे संगणक या छोट्या बॅटरीवर चालतात. एवढंच नाही, मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेने ओढले जाणारे मोठे स्विच, तेसुद्धा १२ व्होल्टवरच ओढले जातात. म्हणून छोटी बॅटरी उतरली की मोठीत ऐंशी टक्के चार्ज असूनही गाडी जागी होत नाही.

डिझेलच्या गाडीत बॅटरी उतरायला लागली की सकाळी स्टार्टर जड फिरतो, आवाजावरून मालकाला कळतं. इलेक्ट्रिकमध्ये स्टार्टरच नाही. तिथे बॅटरी काल बरी वाटली आणि आज गाडी ठप्प, असंच होतं. शिवाय स्टार्टर फिरवायचा नसल्याने कंपन्या ही बॅटरी बहुतेक वेळा लहानच देतात. आता हिशेब करा. बाहेरून बसवलेल्या एखाद्या वस्तूने बंद गाडीत सतत ३०० मिलीअँपिअर, म्हणजे ०.३ अँपिअर, करंट खाल्ला, तर चोवीस तासांत ७.२ अँपिअर-तास गेले. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची धरली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती गाडी उठवण्याच्या लायकीची राहत नाही. त्या गृहस्थांचे चार दिवस इथे जुळतात.

गंगापूर रोडला राहणाऱ्या एका शिक्षिका बाईंच्या गाडीचं उदाहरण सविस्तर सांगतो, कारण त्यात शोधायची पद्धतही कळेल. बाई लेकीकडे पुण्याला गेल्या होत्या. परत आल्या तर गाडी उघडेना. रिमोटच्या पोटात लपवलेल्या लोखंडी किल्लीने दार उघडलं. छोट्या बॅटरीवर मीटर लावला तर नऊ व्होल्टच्या आसपास. तोवर दुसऱ्या एका गॅरेजने ‘बॅटरी गेली’ म्हणून नवी बॅटरी टाकून दिलेली होती, आणि तीही उतरली होती.

बॅटरी बाहेरून चार्ज केली. मग बॉनेट उघडंच ठेवून त्याच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरने दाबली, म्हणजे गाडीला वाटतं बॉनेट लागलं. दारं लॉक केली. किल्ली लांब, दुकानाच्या आतल्या टेबलावर ठेवली, कारण किल्ली जवळ असली की काही गाड्या झोपत नाहीत, म्हणजे त्यांचे कंट्रोलर बंद होत नाहीत. बॅटरीच्या निगेटिव्ह केबलवर डीसी क्लॅम्प मीटर (तार न तोडता तिच्याभोवती अडकवून करंट मोजणारा) अडकवला आणि वाट पाहिली. या वाट पाहण्यातच सगळं आहे. लॉक केल्यावर गाडीतले कंट्रोलर एकेक करून झोपतात, त्याला दहा मिनिटं लागतात, कधी अर्धा तास. त्याआधीचा आकडा पाहून काही ठरवू नये. सगळं झोपल्यावर करंट ५० मिलीअँपिअरच्या आत यायला हवा. इथे तो ३४० वर अडकून बसला होता, आणि बाईंनी बाहेरून बसवून घेतलेला लोगो तर पूर्ण विझलेला.

लोगोची तार मागे मागे शोधत गेलो. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून एक बारीक लाल तार थेट निघालेली, वाटेत फ्यूज नाही. ती वायपरखालच्या प्लॅस्टिकमागून बंपरकडे गेलेली, आणि तिथे काडेपेटीएवढा काळा डबा, रंग बदलणाऱ्या रिमोटचा. डब्याची दुसरी तार पार्किंग लाइटच्या तारेला पिळ मारून जोडलेली, वर काळी टेप. टेपचा डिंक उन्हाने वितळून बोटांना लागत होता. ही दुसरी तार सोडवली आणि थोडा वेळ थांबलो, तर मीटर ३४० वरून ७० वर आला. मग लाल तार काढली, तो ३० वर स्थिरावला. अर्थ स्पष्ट होता. डबा स्वतः रिमोटची वाट पाहत ४० मिलीअँपिअर खात होता, ते तसं थोडंच. पण त्याच्यातून पार्किंगच्या तारेत उलटा करंट झिरपत होता आणि त्यामुळे गाडीचा बॉडी कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे दिवे-कुलपं सांभाळणारा कंट्रोलर, झोपतच नव्हता. जास्तीचा करंट गाडीच खात होती, तिला जागं ठेवणारा मात्र तो डबा होता.

हा प्रकार समजून घेण्यासारखा आहे. ‘लोगोला करंट कितीसा लागतो?’ असं म्हणून बसवणारे हात झटकतात. एलईडी लोगोला पाव-अर्धा अँपिअर लागतो हे खरंच. पण जुन्या गाडीत पार्किंगची तार म्हणजे बटण आणि दिवा यांच्यामधला तांब्याचा धागा होता. आता त्या तारेच्या टोकाला संगणक बसलेला आहे, आणि त्या तारेवर काय चाललंय ते तो सतत वाचत असतो.

लुकलुकण्याची तक्रार याच कारणाची. दिवसा पेटणाऱ्या पुढच्या दिव्यावरून म्हणजे डीआरएलवरून पट्टीला जोड मारला की पट्टी फडफडते, किंवा गाडी बंद असताना मधूनच चमकते, किंवा डॅशबोर्डवर दिवा गेल्याची खूण येते. याचं कारण असं की आजच्या गाड्या दिवा मंद करताना व्होल्टेज कमी करत नाहीत, तो सेकंदाला शंभर-दोनशे वेळा चालू-बंद करतात. मूळ दिव्याचा ड्रायव्हर (दिव्याचा करंट सांभाळणारं सर्किट) त्यासाठीच बनवलेला असतो, बाजारातल्या पट्टीचा नसतो. साधा मीटर लावला तर तो सरासरी दाखवतो, पाच-सहा व्होल्ट. बसवणारा म्हणतो ‘व्होल्टेज पोचत नाही’, आणि जाड तार टाकतो किंवा दुसरी पट्टी. त्याने काही फरक पडत नाही. आणि बंद गाडीतली चमक म्हणजे बल्ब शाबूत आहे का हे पाहायला कंट्रोलरने पाठवलेली टिचकी असते. मूळ दिव्यात ती डोळ्याला दिसत नाही, एलईडीत दिसते.

या फडफडीवर उपाय म्हणून काही जण लोड रेझिस्टर टाकतात, म्हणजे मुद्दाम जास्तीचा करंट खाऊन कंट्रोलरला साध्या बल्बचा भार भासवणारी वस्तू, सोनेरी रंगाची, पंख असलेली. त्याला माझा ठाम विरोध आहे. सहा ओमचा रेझिस्टर १२ व्होल्टवर दोन अँपिअर ओढतो, म्हणजे २४ वॅटची उष्णता, आणि चार्ज होताना व्होल्टेज १४ च्या पुढे गेलं की तीसच्याही वर. हाताला चटका देणारी ही वस्तू प्लॅस्टिकच्या बंपरमागे, तारांच्या जुडग्याला चिकटवून ठेवलेली मी स्वतः काढली आहे. बंपरच्या आतल्या बाजूला तिचा ठसा उमटला होता. नाशिकचा एप्रिल-मे आठवा आणि विचार करा.

इंजिनाच्या गाडीची अजून एक सवय इथे गोत्यात आणते. बाजारात असे डबे मिळतात की जे व्होल्टेज १३ च्या वर गेलं की ‘इंजिन चालू झालं’ असं समजून दिवे लावतात आणि खाली आलं की विझवतात. इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर असलेल्या गाडीत हे ठीक चालतं. इलेक्ट्रिक गाडीत अल्टरनेटर नाही. तिथे डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठ्या बॅटरीतून छोटीला चार्ज करतो, आणि रात्री गाडी चार्जिंगला लावलेली असतानाही तो चालू असतो. काही गाड्या तर उभ्या उभ्याच अधूनमधून छोटीला चार्ज देतात. म्हणून लोगो रात्रभर पार्किंगमध्ये पेटलेला दिसतो आणि शेजारी घरी फोन करून सांगतात की गाडी चालूच राहिली आहे. त्यासाठी करंट घ्यायची जागा तिन्ही अवस्थांत तपासावी लागते: गाडी लॉक होऊन झोपली असताना, चालू असताना, आणि चार्जरला लावलेली असताना. चालू असतानाच जिवंत, म्हणजे करंट असलेला, आणि बाकी दोन्ही वेळा मेलेला असा फ्यूज शोधायचा. प्रत्येक मॉडेलमध्ये तो वेगळा असतो, अंदाजाने सापडत नाही.

बाईंच्या गाडीत शेवटी तेच केलं. आतल्या फ्यूज बॉक्समधल्या अशाच एका जागेवरून फ्यूज टॅप (मूळ फ्यूजच्या जागी बसून वेगळी तार काढून देणारा जोड) घेतला, लोगोला वेगळा तीन अँपिअरचा फ्यूज दिला, पार्किंगच्या तारेचा पिळ सोडवून तिथे नीट सोल्डर करून तापवली की आवळून बसणारी हीट श्रिंक स्लीव्ह चढवली आणि रंग बदलणारा डबा काढून टाकला. लोगो आता गाडीबरोबर लागतो, गाडीबरोबर विझतो. बाईंना रंग बदलायची हौस नव्हतीच.

अर्थिंगबद्दल थोडं. दिवा मंद पेटतो, खड्ड्यात गेलं की विझतो, दुसरा दिवा लावला की पहिला मिणमिणतो, अशा तक्रारींत आधी अर्थ, म्हणजे करंट परत जाण्यासाठी बॉडीला दिलेला निगेटिव्ह जोड, पाहावा. बोल्टखाली रंग तसाच ठेवून थिंबल (तारेच्या टोकाची धातूची कडी) आवळलेली असते. दिवा चालू ठेवून बॅटरीच्या निगेटिव्हपासून दिव्याच्या अर्थपर्यंत मीटर धरा. एक-दोन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर जोड खराब. दिवा बंद ठेवून मोजलं तर सगळं छान दिसतं, म्हणून चालू ठेवूनच मोजायचं. आणि अर्थसाठी मोटर, इन्व्हर्टर किंवा मोठ्या बॅटरीच्या कवचाचे बोल्ट कधीही वापरू नयेत. कंपनीने दिलेला बॉडीचा अर्थ पॉइंट असतो, तोच घ्यावा.

पावसाळा हा तर आपल्याकडचा मोठा परीक्षक. डब्यावर आयपी ६७ छापलेलं असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडून राहिलं तरी आत पाणी जाणार नाही. पण ती खात्री दिव्याची आहे, दिव्यापासून पुढे मारलेल्या जोडाची नाही. शिवाय सर्व्हिस स्टेशनच्या प्रेशर पंपाची धार ही वेगळी गोष्ट, ती या आकड्यात येत नाही. श्रावणात त्र्यंबकला जाऊन आलेल्या गाड्यांचे लोगो आतून घामेजलेले असतात. उघड्या टोकातून शिरलेलं पाणी तारेच्या बारीक धाग्यांमधून वर चढत जातं आणि हातभर लांबच्या कनेक्टरमध्ये हिरवी भुकटी करून ठेवतं. तिथे दिवा बदलून उपयोग नाही. तार कापत कापत तांबं लखलखीत दिसेपर्यंत मागे जावं लागतं. जोडाच्या आधी तारेला खाली झोळ दिला तर पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं, जोडापर्यंत पोचत नाही. हे करायला एक पैसा लागत नाही.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते सांगतो. नव्या गाड्यांत आपोआप ब्रेक लावणारी, पुढच्या गाडीपासून अंतर राखणारी यंत्रणा असते. तिचा रडार पुष्कळ मॉडेलांत पुढच्या लोगोच्या किंवा जाळीच्या मागे बसवलेला असतो. मूळ लोगोचं प्लॅस्टिक रडारच्या लहरी आरपार जातील असं केलेलं असतं. त्यावर क्रोमचा मुलामा असलेला उजळणारा लोगो चिकटवला, मागे तांब्याची पट्टी आणि तारा, की रडार आंधळा होतो. कधी डॅशबोर्डवर इशारा येतो. पण नेहमी येईलच असं नाही, आणि मालक मुंबई-आग्रा महामार्गावर त्या यंत्रणेच्या भरवशावर असतो. लोगो बसवण्याआधी रडार कुठे आहे हे मालकाच्या पुस्तिकेत पाहावं. लोगोमागे असेल तर तो नाद सोडावा, दुसऱ्या जागी हवा तो दिवा लावावा.

तसंच दारांखालच्या पट्ट्यांचं. त्या बसवायला कडेच्या पत्र्यात खालून ड्रिल मारतात, आपोआप घुसणारे स्क्रू पिळतात. इलेक्ट्रिक गाडीत त्या पत्र्याला लागूनच मोठी बॅटरी असते. मोठ्या बॅटरीच्या केशरी रंगाच्या केबल कुठून गेल्या आहेत हे माहीत नसताना तिथे ड्रिल लावणं म्हणजे जिवाशी खेळ. केशरी केबलला हात लावायचा नाही, तिच्या पट्ट्यांना आपली तार बांधायची नाही आणि कडेच्या पत्र्यात, गाडीच्या तळात नवं भोक पाडायचं नाही. माझ्या दुकानात पट्टी चिकटवूनच लावतो. जागा स्पिरिटने पुसून, कोरडी करून लावलेला चांगला टेप बरीच वर्षं टिकतो.

कायद्याचंही थोडं लिहितो, कारण गिऱ्हाईक विचारतात. पुढे लाल आणि मागे लालखेरीज दुसऱ्या रंगाचा दिवा दाखवण्याला १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १०८ व्या नियमाने मर्यादा घातल्या आहेत. परवानगीशिवाय गाडीत फेरफार केला तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे जबाबदारी बसवणाऱ्याबरोबर मालकावरही येते. निळे, फडफडणारे, रंग बदलत धावणारे दिवे रस्त्यावर नकोतच. समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याला त्यातून गाडीची रुंदीही कळत नाही आणि वळतेय की थांबतेय तेही कळत नाही.

माझी मागणी एकच आहे, आणि ती छापण्यासाठीच हे पत्र. जो कोणी गाडीला बाहेरून दिवा बसवील त्याने गिऱ्हाइकाला एक चिठ्ठी लिहून द्यावी: करंट कोणत्या फ्यूजवरून घेतला, नवा फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठे ठेवला, अर्थ कुठे दिला, तार कोणत्या मार्गाने नेली आणि गाडी झोपल्यावर बॅटरीवरचा करंट आधी किती होता, नंतर किती. पाच ओळी. ती चिठ्ठी गाडीच्या पुस्तिकेत ठेवली की पुढच्या वायरमनला बंपर उतरवून तार हुंगत बसावं लागणार नाही, शोरूमलाही ‘बाहेरचं काम आहे, आम्ही हात लावणार नाही’ म्हणून गाडी परत पाठवावी लागणार नाही, आणि विमा कंपनीला बाहेरच्या इलेक्ट्रिकल वस्तूंची माहिती देतानाही ती कामाला येईल.

दिवे बसवणारी पोरं हुशार आहेत, हात चलाख आहेत. त्यांना ‘पटकन डायरेक्ट देऊन टाक, घाई आहे’ असं सांगणारे आपणच. तासाच्या कामाचे पैसे दहा मिनिटांच्या भावाने दिले तर फ्यूज गाळला जाणार आणि पिळावर टेप मारली जाणार. झोपल्यावरचा करंट मोजायचा तर अर्धा तास जातो, त्या अर्ध्या तासाचे पैसे मागणाऱ्याशी कृपया घासाघीस करू नका. सातपूरच्या सरकारी आयटीआयने या मुलांसाठी इलेक्ट्रिक गाडीच्या १२ व्होल्ट बाजूचा छोटासा रविवारचा वर्ग काढला तर मी माझं क्लॅम्प मीटर घेऊन विनामूल्य शिकवायला येईन. सिंहस्थ तोंडावर आहे, शहरात नव्या टॅक्सी येतील, सजतील. ही वेळ बरी आहे.

त्या पत्रलेखकांना एवढंच सांगेन की नवी बॅटरी घेऊ नका. आधी लोगो आणि पट्ट्यांच्या तारा बॅटरीवरून आणि गाडीच्या मूळ तारांवरून सोडवून घ्या, बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि गाडी नेहमीसारखी चार दिवस उभी ठेवा. पाचव्या दिवशी रिमोटने उघडली तर दिवे नीट जागेवरून जोडून घ्या. नाही उघडली तर गाडी झोपल्यावरचा करंट मोजून घ्या आणि तो आकडा कागदावर घेऊन शोरूममध्ये जा. मग ‘दोष नाही’ म्हणून त्यांना तुम्हाला परत पाठवता येणार नाही.

आपला नम्र,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन, अंबड, नाशिक